गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणं

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या संगीतकाराकडे शिवणकामाला लागलीस आणि तिथलं काहीच कळवत नाहीस, असा तुझा रुसवा. कळवलं नाही, कारण लिहायला बसलं की मळमळतं. पण आता तू तुझ्या चिमणीला इथे गायला पाठवायचं नाव काढलंस, तेव्हा नाक दाबून का होईना, लिहिते.

आमची जागा म्हणजे एक जुनं गोदाम. पुढे तालमीचा हॉल, मागे पत्र्याखाली शिवणाची खोली. तीन मशिनं, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि एक खिडकी, जी रंगाच्या थरांनी कायमची चिकटून बसली आहे. पोरींचे कपडे तालमीनंतर ओलेच आमच्याकडे येतात. घाम, पावडर आणि केसांवरचा फवारा यांचा मिळून एक आंबट वास तिथे मुक्कामाला असतो. डबा उघडला की पोळीलाही तोच वास.

आणि संगीतकार. आपण दोघी भांडी घासताना ज्याच्या चाली गुणगुणायचो, तोच हा. आता साठीला टेकलाय, केस बुटाच्या पॉलिशसारखे काळे, बोटं सदा ओलसर. प्रत्येकीला 'बाळ' म्हणतो, मलाही. आम्ही शिवणाच्या बायका त्याला गोडबोल्या म्हणतो. मशिनच्या मागे येऊन उभा राहिला की मानेवर त्याचा श्वास लागतो आणि मी घरी जाऊन आधी मान धुते. बरीच वर्षं त्याचं एकही गाणं चाललं नाही. म्हणून त्यानं जाहिरात देऊन पोरी गोळा केल्या, रांगेत उभ्या केल्या, मंडईत वांगी निवडावीत तशा तीन निवडल्या आणि त्यांचं नाव ठेवलं 'ठिणग्या'. गाण्यातले शब्द मी तुला लिहिणार नाही. अजून मला माझी लाज आहे.

पण शब्दांचं सोड. मी माप घेते, आणि हा सांगतो, त्यातून चार बोटं कमी करा. आधी मला वाटलं, ह्याला शिवणातलं कळत नाही. मी आपली आत माया ठेवून शिवलं, पोरींना त्रास नको म्हणून. त्यानं शिवण उलटी करून पाहिली, जास्तीचं कापड कापायला लावलं आणि मला जवळ बसवून समजावलं, "बाई, कपडा नीट बसला तर पोरगी त्याला विसरते. नीट बसला नाही तर सारखी ओढत राहते. ती हात नेते तिथे लोकांचे डोळे जातात. ते ओढणं मला तालात बसवता येतं."

खरंच बसवलंय. गाण्यात ढोल दोन मात्रा थांबतो, आणि नेमका त्याच वेळी पोरींचा हात झग्याकडे जातो, कारण त्याच्या आधीच्या उडीत तो वर चढलेला असतो. पोरींना ह्यातलं काही माहीत नाही. त्यातली उंच मुलगी परवा मला म्हणाली की मावशी, तुम्हाला माप घेता येत नाही का हो? मी खाली मान घालून काज करत राहिले. ताई, आयुष्यभर ज्या हातानं मी बोटभर चूक केली नाही, त्याच हातानं मी रोज चार बोटं चुकते.

चिमणीला इथे पाठवू नकोस. तिचा आवाज चांगला आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, नको.

तुझी धाकटी

.

१५ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र शाळेच्या कचेरीत डबा खाताना वाचलं आणि हसू आलं. लहानपणी तुला दुधावरच्या सायीची किळस यायची, मग शेजाऱ्यांच्या मांजराची, मग माझ्या नवऱ्याच्या शिंकण्याची. तुझं नाक जन्मापासून वाकडंच आहे. जगानं काय तुझ्या मापानं कापून घ्यायचं?

तेवीस वर्षांची घोडी झाली चिमणी. दिवसभर चपलांच्या दुकानात परक्या माणसांच्या पायांशी गुडघे टेकून बसते. ते पाय काही अत्तर लावून येत नाहीत. संध्याकाळी घरी आली की आधी हात धुते, मग माझ्याशी बोलते. तुला मान धुवावी लागते म्हणून तू मला पत्र लिहिलंस, हिनं कुणाला लिहायचं?

आणि पाठवू नकोस म्हणायला तू उशीर केलास. तिनं स्वतःच आवाजाची कॅसेट आणि फोटो पाठवला होता, बोलावणं आलंय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे येईल. तिच्या बाबांना सांगितलंय की ती तुझ्याकडे शिवण शिकायला येतेय, तेव्हा तू मला तोंडघशी पाडू नकोस.

एवढं मात्र कर. तिच्यासाठी तूच एक झगा शिव. गळ्यापर्यंत बंद, हात पूर्ण, गुडघ्याच्या खाली. आपली पोर अंगभर कपड्यात गायली तर कुणाची काय बिशाद आहे बोलायची? गाणं गळ्यात असतं, तुझ्या त्या चार बोटांत नाही.

ताई

.

९ मार्च

ताई,

तू म्हणालीस तसाच झगा शिवला. खरं सांगायचं तर तू म्हणालीस त्याहून वाईट. राखेच्या रंगाचं कापड घेतलं. कॉलर हनुवटीला टेकेल अशी, बाह्या मनगटापर्यंत, आणि पुढे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणांची रांग, जुन्या काळच्या नर्सबाईसारखी. मला वाटलं, हिला बघताच गोडबोल्या जांभई देईल आणि पोर सरळ घरी येईल. मला तेच हवं होतं. लपवून काय करू?

चिमणी आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मावशी, मी शोकसभेला चाललेय का? पण घातला बिचारीनं.

हॉलमध्ये तिनं गायला सुरुवात केली. ताई, आवाज असा लागला की इस्त्री करणारी बाई दारात येऊन उभी राहिली. दोन ओळी झाल्या नसतील, त्यानं हात वर करून थांबवलं. त्याचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. तो उठला, तिच्याभोवती एक फेरी मारली, अगदी सावकाश, कापडाच्या दुकानात लोक ताग्याभोवती मारतात तशी. कॉलरला हात लावला नाही, नुसतं बोट जवळ नेलं. मग माझ्याकडे वळला आणि विचारलं, हे तुम्ही शिवलं? मी हो म्हणाले.

"तीन जणी उघड्या आणि ही एकटी बंद," तो म्हणाला. "लोक त्या तिघींकडे बघणारच नाहीत. हे उघडायची वाट बघत बसतील."

जागच्या जागी तिची निवड झाली. नाव ठेवलं 'लाजाळू'. पहिल्या कार्यक्रमात वरचं एक बटण उघडायचं, गाण्याच्या शेवटी, ढोल थांबेल तेव्हा. मग पुढच्या गावी पुढचं. आणि तिनं मोकळ्या आवाजात गायचं नाही, माइकला ओठ लावून कुजबुजायचं. एवढा आवाज असलेल्या पोरीनं कुजबुजायचं.

संध्याकाळी खोलीवर चिमणीनं मला मिठी मारली. तुझ्या झग्यामुळे झालं, मावशी, म्हणाली. हात धुवून झोपले आणि उठून पुन्हा धुतले.

तिला परत बोलव. मी तिच्या बाबांना लिहिलं तर तुला आवडणार नाही, म्हणून तुलाच लिहिते.

धाकटी

.

२० जून

धाकटे,

तीन महिने उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. अजूनही आहे.

इथे काय चाललंय ते ऐक. चौकातल्या भिंतीवर माझ्या पोरीचं पोस्टर आहे, दोन माणसांच्या उंचीचं. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एवढी वर्षं त्या केबिनमध्ये मी उभ्यानंच सह्या घेतल्या. टीव्हीवर तिला बघितलं. त्या तिघी काय ते नाचतात, मी मान फिरवली. पण माझी चिमणी मधोमध, अंगभर कपड्यात, पुतळ्यासारखी शांत. शेवटी दोन-तीन बटणं उघडली असतील. उकाड्यात आपण उघडतो तेवढीच. त्याला तू आभाळ कोसळल्यासारखं करतेस.

तिच्या बाबांना कळलं. न्हाव्याच्या दुकानात टीव्ही होता, अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, ताट घासून ठेवतात आणि गच्चीवर जातात. येतील ताळ्यावर.

तुझं म्हणशील तर मला वेगळंच वाटतं. तुला स्वतःची पोर नाही. दुसऱ्याची पोर वर जाताना बघवत नसेल. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले आणि खोडणार नाही.

ताई

.

६ जुलै

ताई,

खोडलं नाहीस ते बरं केलंस. निदान कळलं मनात काय आहे ते. हो, मला पोर नाही. पण चिमणीला पहिल्यांदा आंघोळ घातली ती मी, कारण तू तापानं फणफणली होतीस. तिच्या अंगाचं माप मला तेव्हापासून पाठ आहे. ते माप एका ओलसर बोटांच्या म्हाताऱ्याच्या हाती मी स्वतः दिलं, ह्याची मला रोज शिसारी येते. तिचा मत्सर करायला मला सवड कुठे आहे?

तू टीव्हीवर बघतेस. मी पडद्याच्या कडेला उभी राहून बघते, सुई-दोरा आणि टाचण्या घेऊन. टीव्हीवाले लोकांचा आवाज कापतात, म्हणून तुला ऐकू आलं नाही. लोक बटणं मोजतात. एक, दोन, तीन, एका सुरात. त्यात टपोरी पोरं असतात हे मी समजू शकते. पण चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले बाप असतात, खांद्यावर पोरं बसवून, आणि ती पोरंही मोजतात, नुकतीच मोजायला शिकलेली. रेडिओवर स्पर्धा लावली आहे की ह्या गावात कितवं. तोंडात पाणी सुटलेल्या एवढ्या माणसांना मी एकाच वेळी कधी बघितलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर हॉलला जो वास येतो, तो आमच्या खोलीतल्या वासापेक्षा वाईट असतो.

सप्टेंबरात मोठ्या मैदानावर शेवटचा कार्यक्रम आहे. तिथे सगळी बटणं. आतून कातडीच्या रंगाचं अस्तर लावायचंय. त्यासाठी गोडबोल्या कापडाचे तुकडे घेऊन आला आणि एकेक तुकडा चिमणीच्या गळ्याशी धरून, डोळे बारीक करून, रंग जुळवत बसला. ती भिंतीकडे बघत उभी होती. मी टाचणी हातात घेऊन तिथेच होते. ती त्याच्या हातात खुपसावी असं वाटलं आणि मी त्याला म्हणाले काय, तर तिसरा तुकडा जुळतोय. माझीच किळस मला पुरून उरली आहे.

चिमणी माझ्याशी बोलत नाही. तिला मोठ्या हॉटेलात खोली मिळाली आहे. त्या तिघींबरोबर कुजबुजत असते, मी गेले की गप्प होतात. आधी वाटायचं, पोर फसली आहे. आता वाटतं, पोर बिघडली आहे. डोळ्यांत एक थंडपणा आलाय. परवा म्हटलं, घरी जाऊया. म्हणाली, मावशी, तू तुझं काम कर.

धाकटी

.

२८ ऑगस्ट

धाकटे,

हे पत्र छोटं आहे. तुझं मागचं पत्र वाचलं आणि त्यानंतर टीव्ही लागला असताना आवाज मोठा करून, कान लावून ऐकलं. मोजणं ऐकू आलं. मुख्याध्यापकांनी विचारलं की मैदानावरच्या कार्यक्रमाचा पास मिळेल का. मला पुन्हा त्याच खुर्चीत बसवून विचारलं. त्यांचे ओठ मी बघितले, आणि मला तुझी साय आठवली.

मी चिमणीला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिनं सांगितलं, आई, काळजी करू नकोस. दुसऱ्यांदा फोन घेतला नाही. आईनं आणखी काय करायचं असतं, मला कळत नाही. तिनं पुढच्या रांगेचा पास पाठवलाय, वर लिहिलंय, नक्की ये. मी येणार आहे. तिथे बसून मी काय करणार, तेही कळत नाही.

तू हाताशी आहेस. तू कर काहीतरी. मागच्या वेळी जे लिहिलं ते विसर.

ताई

.

१० सप्टेंबर

ताई,

विसरले. आता ऐक, आणि हे पत्र वाचून जाळून टाक.

झगा चटकन चढवता यावा म्हणून त्याची चेन पाठीला असते. पुढची बटणं फक्त त्याच्या खेळासाठी. मैदानासाठी नवा कोरा झगा मागितलाय, तो मी शिवून ठेवलाय. काजं आहेत, बटणं आहेत, सगळं हुबेहूब. पण काजं नुसती वरून कातरलेली दिसतात, आरपार नाहीत. खालची पट्टी दुहेरी दोऱ्यानं पक्की शिवली आहे, आणि प्रत्येक बटण पट्टीसकट आतल्या जाड कापडाला टाचलंय. रेड्यानं ओढलं तरी उघडणार नाही. त्या दिवशी चेन मीच लावणार, तिला आधी कळायचं कारण नाही.

लोक मोजायला तोंड उघडतील आणि एकच्या पुढे जाणार नाहीत. गोडबोल्या मला हाकलेल. हाकलू दे.

तू पुढच्या रांगेत बस आणि घाबरू नकोस. कितीतरी दिवसांनी काल मी पोटभर जेवले.

धाकटी

.

२१ सप्टेंबर

मावशी,

तू खोलीवर दोनदा येऊन गेलीस, मी दार उघडलं नाही. समोर बोलले असते तर ओरडले असते, म्हणून लिहितेय. आईला हेच पत्र वाचायला दे. तिच्यासाठी वेगळं लिहायची ताकद नाही.

तुला वाटलं की मला काही कळत नाही. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ढोल कुठे थांबतो आणि का थांबतो, ते मीच त्या तिघींना सांगितलं. चार बोटं कमी कोण कापतं तेही आम्हाला माहीत होतं. ती उंच मुलगी म्हणाली होती, मावशीला बोलू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. आम्ही चौघी एवढे दिवस कुजबुजत होतो ते कशाबद्दल, हे तू एकदाही विचारलं नाहीस. बिघडली म्हणून मोकळी झालीस.

मैदानावर काय करायचं ते आमचं ठरलं होतं. सगळी माणसं समोर असताना, टीव्ही चालू असताना. मी नेहमीसारखी सुरुवात करून वरची तीन बटणं उघडणार होते, त्यांना मोजू देणार होते. मग थांबून, त्यांच्याकडे बघत, तीच तीन बटणं खालून वर एकेक करून लावणार होते. अगदी गळ्यापर्यंत. मग माइक बाजूला ठेवून मोकळ्या आवाजात गाणार होते, ज्या आवाजाला त्यानं दोन ओळींत थांबवलं होतं त्या आवाजात. त्या तिघी अंगावर शाली घेऊन माझ्या बाजूला उभ्या राहणार होत्या. शाली तयार होत्या, ढोलाच्या मागे. आईला पुढच्या रांगेत बसवलं ते ह्यासाठी. तिला बघायला मिळावं म्हणून. बाबाही कुठेतरी टीव्हीवर बघतील असं वाटलं होतं.

ढोल थांबला. मी वरच्या बटणाला हात लावला आणि ते हललंच नाही. दुसरं ओढलं. तिसरं. मावशी, मी तिथे एवढ्या माणसांसमोर उभी राहून माझा झगा ओढत होते. त्याला पहिल्या दिवसापासून जे हवं होतं, ते मी त्याला तालात करून दाखवत होते. लोक आधी गप्प झाले, मग हसायला लागले, मग ओरडायला लागले, ओढ, ओढ. तो वादकांमधून उठून मंचावर आला. काय झालं बाळ, म्हणाला, आणि त्याच्या त्या ओल्या बोटांनी माझ्या कॉलरला धरून ओढायला लागला. लोक त्याच्या प्रत्येक झटक्याला आकडा म्हणत होते. मी त्याला ढकललं आणि आत पळाले. गायले नाही.

पळताना आई दिसली. उभी राहून टाळ्या वाजवत होती, रडत होती. तिला वाटलं तिची पोर वाचली. आणि तू पडद्याच्या कडेला होतीस. एवढी खूश मी तुला कधीच बघितलं नव्हतं.

मी नाही म्हणणार होते. सहा महिने ते दातांखाली धरून ठेवलं होतं. तू ते माझ्या आधी म्हणालीस, तेही सुईनं, तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं. सगळ्यांना एवढंच कळलं की बटण अडकलं. वर्तमानपत्रात छापून आलंय, लाजाळू शेवटी लाजली. त्यानं पत्रकारांना सांगितलं की हे ठरवूनच केलं होतं, आम्ही तुम्हाला असेच झुरवणार. हा शेवटचा कार्यक्रम होता, पण त्यानं लगेच आणखी दोन लावले, आणि दोन्हींची तिकिटं संपली आहेत. तुला त्यानं हाकललं नाही, ते ह्यामुळे. त्याला आता तसाच झगा हवाय, न उघडणारा. मला रोज असंच ओढायचंय, आणि त्यानं रोज असंच वर यायचंय.

आता मी मंचावर थांबले, बटणं लावली, गायले, घरी निघून आले, काहीही केलं तरी लोक टाळ्याच वाजवतील. त्यांना वाटेल, हाही खेळच.

त्या दिवशी आत आल्यावर मी चेन काढली आणि झगा जमिनीवर पसरून बघितला. मी एवढं ओढलं, त्यानं एवढं ओढलं. फार छान शिवला होतास, मावशी. एकही टाका उसवला नव्हता.

चिमणी